न धुतलेला तुकडा

उबवणपेटीचं दार संशोधक हायेतने उघडलं, आत पाहिलं आणि झटकन बंद केलं. मग डोळे चोळून पुन्हा उघडलं.

"काय गं, भूत बसलंय का आत?" नजातने पलीकडून विचारलं. नजात ही प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. ईद होऊन गेली तरी सण काही तिच्या अंगातून उतरला नव्हता. मसाला भरून शिजवलेल्या आतड्यांचा डबा तिच्या पिशवीतून घमघमत होता.

"भोक नाही," हायेत म्हणाली. "नजात, भोक पडलंच नाही!"

तिने काचेची बशी खिडकीतल्या उजेडात धरली. बशीत दुधाचा घट्ट, पांढरा थर होता आणि त्यावर एन्झाइमचे तीन थेंब सोडलेले. हे एन्झाइम दूध खातं आणि खाल्लं की तिथे आरपार दिसणारं भोक पाडतं. पोटात ते अन्न पचवतं. पण मोकाट सुटलं तर आतड्याची भिंतही सोडत नाही. मोठ्या आतड्याचं अस्तरच त्याला लगाम घालणारं काहीतरी पाझरवत असणार, आणि ज्यांच्यात ते कमी पडतं त्यांना रक्ताचे जुलाब होत असणार, असं हायेतचं म्हणणं होतं. म्हणणं छान होतं. पण वर्षभर तिच्या बश्यांत भोकांशिवाय दुसरं काही उगवलं नव्हतं, आणि आज तिचं टेबल लुत्फी नावाच्या सहकाऱ्याला जायचं होतं.

पहिला थेंब नुसत्या एन्झाइमचा, तिथे भोक होतं. दुसऱ्यात इस्पितळातून आलेल्या आतड्याच्या तुकड्याच्या अस्तरावरचा पाझर मिसळलेला, तिथे दूध जसंच्या तसं पांढरंशुभ्र. तिसऱ्यात तोच पाझर, पण उकळून घातलेला. तिथे पुन्हा भोक.

नजातला फार कळायची गरज नव्हती. हायेतचा चेहरा पाहून तिने जीभ हलवत लग्नातल्यासारखी लांबलचक किलकारी ठोकली.

"कुणाचं लग्न लागतंय इथे?" दारात सी हेदी, म्हणजे हेदीसाहेब, उभे होते, प्रयोगशाळेचे प्रमुख. अंगात ईदचा नवा पांढरा सदरा, दुखऱ्या गुडघ्यासाठी हातात काठी. त्यांनी बशी घेतली, खालून पाहिली, वरून पाहिली. "एन्झाइम घालायला विसरलीस, पोरी."

"शेजारी भोक पडलंय ना, सी हेदी. एकाच बाटलीतलं आहे."

"हं. तुकडा किती वेळ धुतलास?"

हायेत म्हणाली, "धुतलाच नाही. ईदच्या संध्याकाळी इस्पितळातून आला. अख्खं स्फाक्स शहर कुर्बानीच्या मेंढ्या धूत होतं, नळाला टिपूस नव्हता."

"धुतला नाही!" सी हेदींनी बशी आपटायचीच काय ती बाकी ठेवली. "अगं, ईदला माझी आई मेंढीचं आतडं बोटांत धरून बघायची. जरा बुळबुळीत लागलं की बहिणींकडे परत धुवायला. मीठ, लिंबू, पाणी, पुन्हा पाणी! इथे मी दुसरं काय शिकवलं तुम्हाला? बुळबुळीत म्हणजे घाण."

त्यांनी स्वतः बर्फातला उरलेला अर्धा तुकडा काढला, चाळणीत ठेवला, चाळणी मोरीत ठेवली आणि नळ सोडला. नळाने नुसता सुस्कारा टाकला.

"राहू दे उघडा. पाणी येईल तेव्हा येईल. हा धुऊन पुन्हा लाव. भोक पडलं की विषय संपला. टेबल लुत्फीला."

"पडणारच भोक!" हायेत ओरडली. सी हेदींवर कुणी ओरडलेलं नजातने कधी पाहिलं नव्हतं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. "वर्षभर धुतलेल्यालाच पडत आलंय, सी हेदी!"

"घाण चिकट असते. एन्झाइम दुधापर्यंत पोचलं नाही, बस."

"मग हा तिसरा थेंब बघा. तीच घाण, तेवढीच चिकट, फक्त उकळलेली. इथे कसं पोचलं? उकळल्यावर काहीतरी मेलं. जे मेलं, तेच त्या दुसऱ्या थेंबात एन्झाइमला अडवून बसलंय!"

 चष्मा कपाळावर चढवून सी हेदींनी बशी नाकाला लागेल इतकी जवळ आणली. दुसऱ्या थेंबाकडून तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडून परत दुसऱ्याकडे त्यांचे डोळे जात राहिले.  हसावं की रडावं हायेतला कळेना.

"म्हणजे आपण वर्षभर जे धुऊन काढत होतो..." नजात म्हणाली आणि तिने मोरीच्या भोकाकडे पाहिलं.

तेवढ्यात भिंतीतला पाइप गुरगुरला. नळ खोकला, थुंकला.

काठी कुठे पडली ते सी हेदींनाही कळलं नाही. दुखरा गुडघा घेऊन ते पोराटोरासारखे मोरीकडे झेपावले. एका हाताने नळ आवळला, दुसऱ्याने चाळणी उचलून छातीशी धरली. पाणी उडालं ते त्यांच्या बाहीवर. तुकड्याला थेंबही लागला नाही. मात्र त्याचा बुळबुळीत थर नव्या सदऱ्यावर थेट गळ्यापर्यंत माखला.

"अरे देवा, ईदचा सदरा!" नजात ओलं फडकं घेऊन धावली.

सी हेदी दोन पावलं मागे सरले. "खबरदार, पुसशील तर," ते म्हणाले. "हायेत, तुझ्या टेबलावर जागा कर."