शेवटचे पान

कांताबाई, त्यांची सून मुक्ताई, मुक्ताईंची सून भागीरथी. आमच्या घरात सासूने सुनेला कधी जाब दिला नाही. भागीरथीबाईंची सून मी. पक्षाघाताने उजवे अंग गेल्यापासून धायरीच्या या खोलीत मी डाव्या हाताने आत्मचरित्र लिहीत आले. वहीतल्या हकिकतीत मी अजून चालत होते. एकच पान उरले होते, आणि ते माझ्या पश्चात वाचले जावे, अशी माझी योजना होती. आज सकाळी डावी बोटेही हलेनात. उद्या वाचाही जाईल, या धास्तीने मी सूनबाईला हाक मारली.

पूर्णिमा पेन घेऊन बसली. "सांगा, आई. शुद्धलेखनावरून मात्र बोलायचे नाही."

मी सांगू लागले. "पूर्णिमेची कवितांची वही वीस वर्षांपूर्वी घर बदलताना हरवली नव्हती. ती मी रद्दीत दिली."

पेन थांबले. वर न बघता तिने विचारले, "तशीच दिलीत, की फाडून? नेमके सांगा, लिहायचे आहे."

"फाडून."

तिने तो शब्द लिहिला आणि पान माझ्यापुढे धरले. वीस वर्षांचे देणे तिच्याच अक्षरात पुरते फिटले होते.