फ्रिजमधला गहू
रेशनकार्डांची तपासणी करणारे निरीक्षक विश्रांतवाडीतल्या मदिनाबीच्या खोलीत आले आणि आधी पाणी मागितलं. तिने नळाचं दिलं. "कोमट आहे हो," त्यांनी तोंड वाकडं केलं. कोपऱ्यात फ्रिज दिसला. "फ्रिजवाल्यांना पिवळं कार्ड मिळत नाही, बाई." तिने घाईने त्याचं दार उघडलं. दिवा लागला नाही. आत रेशनच्या गव्हाची अर्धी गोणी होती. "बंद आहे, साहेब. मालकिणीने टाकून दिलेला. घुशी गोणी कुरतडतात, म्हणून यात ठेवते. चार नातवंडं या गव्हावरच आहेत." निरीक्षकांनी मूठभर गहू हातात घेऊन पाहिला आणि हाताची धूळ तिच्या पडद्याला पुसली. "फॉर्ममध्ये चालू की बंद विचारलेलं नाही." त्यांनी कार्डावर 'रद्द'चा शिक्का मारला. "भंगारात घाला, पुन्हा अर्ज करा." "मग गहू कुठे ठेवू?" "कसला गहू?" उरलेलं पाणी दारात ओतत त्यांनी विचारलं.