दोन्हीकडचं ऊन

"जरा ताठ उभी रहा की गं," उंची मोजणारे गुरव हवालदार म्हणाले.

"ताठच आहे, साहेब," स्वरूपा म्हणाली. ती सूर्याच्या बाजूला चांगली वीतभर कलली होती.

तिचाही इलाज नव्हता. पोलीस भरतीला एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागायची आणि ती चार सेंटिमीटरनं कमी पडत होती. म्हणून तिनं ज्वारीच्या कोंबातल्या संप्रेरकाची इंजेक्शनं घेतली आणि पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत काढले. अंधारात कोंब झपाट्यानं वाढतो, तशी तीही वाढली. पण कोंब उजेडाकडे वाकतो, तेही सोबत आलंच. तीच इंजेक्शनं घेऊन सकाळी सहापासून रांगेत असलेल्या सगळ्याच मुली पूर्वेला झुकल्या होत्या.

"एकशे चोपन्न. नापास."

वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची भरती होती. पश्चिमेच्या कुंपणापलीकडून शेवंताआत्या ओरडली, "थांबा ओ!" तिनं शेजारच्या भजीवाल्याची स्टीलची परात भज्यांसकट उचलली, भजी त्याच्याच पिशवीत ओतली आणि परातीवरून भाचीवर ऊन पाडलं.

"हे नियमात बसतं का?" हवालदारांनी विचारलं.

"बूट नको, अंबाडा नको, एवढंच लिहिलंय," आत्या म्हणाली.

"बरं. माझा चहा होईपर्यंत."

दोन्हीकडून ऊन लागल्यावर स्वरूपा हळूहळू सरळ झाली. हवालदारांनी कप ठेवून पट्टी टेकवली.

"एकशे छप्पन्न!" ते असे गरजले, जणू स्वतःच वाढले होते.

आत्यानं परात खाली ठेवली नाही. ती रांगेकडे वळवली, आणि चौसष्ट मुली एकामागून एक ताठ झाल्या.