काडेपेटीएवढा फोटो

वृषालीने माऊसने फोटोचा कोपरा धरून ओढला. फोटो निम्म्या पानाएवढा झाला आणि सत्यशीलाचे डोळे पुसट झाले.

"आनखी थोडा," गोरक्ष म्हणाला.

तिने आणखी ओढला. आता डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग उरले. गोरक्षचा थोरला भाऊ जालिंदर शेजारच्या खुर्चीवर बसून स्क्रीनकडे बघत होता. त्याने गुडघ्यावरची टोपी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

काष्टीच्या बाजारतळाजवळच्या वृषालीच्या या पत्रिका छापायच्या दुकानात दोघे भाऊ दुसऱ्यांदा आले होते. जालिंदरच्या बायकोच्या, सत्यशीलाच्या वर्षश्राद्धाची पत्रिका करायची होती. मजकूर बसला होता. शोकाकुल मंडळींची नावं बसली होती. प्रवचनाला येणाऱ्या महाराजांचा फोटोही बसला होता. तो स्टुडिओतला. कितीही मोठा केला तरी महाराजांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. अडलं होतं ते सत्यशीलाच्या फोटोपाशी.

पहिल्या दिवशी त्यांनी आणलेला फोटो गोरक्षच्या मोबाईलवरचा होता. वहिनी गेली त्या दिवशी त्याने तो स्टेटसला ठेवला होता. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, तो भावकीत फिरला आणि फिरून फिरून त्याच्याकडेच परत आला. वृषाली म्हणाली होती, असा पाठवलेला फोटो दर हाताला झिजतो. मूळ कुणी काढला ते शोधा.

मूळ काढला होता सुनील गुरुजींनी. सत्यशीला शाळेत खिचडी शिजवायची. हेडमास्तरांच्या निरोपसमारंभाला सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला, त्यात ती अगदी कडेला उभी होती. गुरुजी आता बदली होऊन खर्ड्याला होते. वृषालीने सांगितलं तसा त्यांनी सकाळी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे वाटेत त्याचा काही भाग गळत नाही. पत्रिकेच्या फाइलमध्ये घेण्याआधी तिने तिथलाही एक पर्याय बंद केला, नाहीतर सेव्ह करताना कॉम्प्युटर आपणहून फोटो दाबून त्यातले बारकावे घालवतो. करण्यासारखं होतं ते सगळं तिने केलं. पण अठ्ठावीस माणसांच्या फोटोत सत्यशीलाचा चेहरा नखाएवढाच होता.

दुसरा एखादा नाही का, असं तिने पुन्हा विचारून बघितलं. लग्नातल्या फोटोत सत्यशीलाची मान खाली होती. तिचं आधार कार्ड जालिंदरने पहिल्याच दिवशी बाहेर काढून परत खिशात ठेवलं होतं. घरात कुठल्या कार्यक्रमाचे फोटो निघायचे तेव्हा ती चुलीपाशी असायची.

"केवढा केला तर नीट दिसंल, ताई?" जालिंदरने विचारलं.

वृषाली फोटो लहान करत आली. काडेपेटीएवढा झाल्यावर थांबली. डोळे परत आले. कुंकू आलं, पदराचा काठ आला.

"एवढाच, काका. फोटोत जेवढं आहे तेवढंच आहे. ओढला की विरतो."

जालिंदर खुर्ची पुढे घेऊन बघत राहिला. "मग एवढाच ऱ्हाऊ द्या."

गोरक्षला ते पटेना. पत्रिका देवळाच्या भिंतीला लागणार, लोक लांबून बघणार. महाराज एवढे मोठे आणि जिचं वर्षश्राद्ध ती तिकिटासारखी, भावकी नावं ठेवील. शेजारच्या रंगुबाईच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर तर वीतभर फोटो होता. एवढं सगळं सांगून झाल्यावर तो आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, पुसट असला तर काय बिघडतं? वैनी कशी हुती ते आपल्याला म्हाईतीच हाय की."

जालिंदर स्क्रीनकडेच बघत होता.

"मला परवा आठवंना," तो म्हणाला. "डोळं झाकून बसलो. हात दिसलं तिचं. तोंड येईना."

वृषालीने कुणी न सांगता महाराजांचा फोटो लहान करून खाली नेला. सत्यशीलाचा मध्यावर ठेवला. चारी बाजूंना कोरी जागा राहिली. तिथे फुलं टाकायची तिची रीत होती, ती आज तिने टाकली नाहीत. मग एक प्रत काढली.

जालिंदरने कागद दारातल्या उजेडात नेला. बघून झाल्यावर भावाकडे दिला.

गोरक्षने तो आधी हात लांब करून धरला. मग जवळ घेतला. मग आणखी जवळ, अगदी नाकापाशी. एकोणीस वर्षं तो त्या बाईच्या हातची भाकरी खात आला होता.

"दादा," कागदावरची नजर न काढता तो म्हणाला, "वैनीच्या हनुवटीवर गोंदान हुतं?"