विहिरीचं दान

“हा कायदा पिण्याच्या पाण्याचा हाय, बायनाबाई. बागेची तक्रार ह्यात बसत न्हाई,” आष्टी तहसीलच्या पाणीटंचाई कक्षातले कारकून आश्रुबा म्हणाले.

बायनाबाईने वाद घातला नाही. टेबलावरचा छापील अर्ज तेवढा मागून घेतला आणि एसटी गाठली.

नवऱ्याने लावलेली तिची मोसंबीची बाग उभी वाळली होती. दीर धोंडीराम सोसायटीचे चेअरमन. त्यांनी बांधाला लागून आपल्या उसासाठी सहाशे फुटांचं बोअर घेतलं आणि तिच्या विहिरीत जेमतेम पिण्यापुरतं पाणी उरलं. ती रडत गेली, तेव्हा म्हणाले, “वैनी, जमिनीखालचं पाणी कुणाच्या बापाचं न्हाई.” असल्या माणसाला गाव साहेब म्हणत होतं! झाडं तोडली त्या दिवशी तिने ठरवलं, ह्याचा ऊस वाळलेला बघितल्याशिवाय मरायचं नाही.

आठवड्याने ती त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसली.

“भावजी, विहीर गावाला देऊन टाकते. बाग गेली, आता लोक तरी पितील.”

धोंडीराम चमकले. पण सोसायटीची निवडणूक तोंडावर होती.

“लई पुण्याचं काम हाय, वैनी.”

“आष्टीहून हा अर्ज आणलाय. तो मात्र तुमच्या नावानं करा. पाणी समितीचे अध्यक्ष तुमीच. मला कोण पुसतंय?”

चेअरमन छापील कागद वाचत नसत. ते काम इतरांचं. त्यांनी झोकात सही ठोकली. पुढे सत्कार झाला, फोटोत तेच पुढे आले. बायनाबाईने दिराला माफ केलं, असं बायका म्हणू लागल्या. तिने कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही.

विहीर सरकारी कागदावर चढली आणि दहाव्या दिवशी आश्रुबा टेप घेऊन आले. विहिरीपासून मोजत बांधाकडे निघाले. बायनाबाई तिथेच उभी होती.

“माझ्या नावाच्या बोर्डाची जागा मोजताय का?” धोंडीरामांनी हसून विचारलं.

“चाळीस मीटर,” आश्रुबांनी लिहून घेतलं. सोबतच्या वायरमनने बोअरची केबल कापली आणि पेटीला सील लावलं.

“कुणी केली बे तक्रार?” धोंडीराम ओरडले. “माझा ऊस जळंल की!”

आश्रुबांनी अर्ज त्यांच्यासमोर धरला.

“तक्रार न्हाई, साहेब, विनंती हाय. छापील अर्जातच असती. ‘ह्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आतली शेतीची सगळी बोअर तातडीनं बंद करावीत.’ खाली सही तुमची.”