सांगितलेल्या दिवशी येणारा माणूस

मुलीला, मृण्मयीला, बघायला पाहुणे येणार म्हणून कुमुदताईंनी घर रंगवायला गजाभाऊला बोलावलं. रंग, नळ, बिजागऱ्या सगळं तो एकटाच करायचा आणि विशेष म्हणजे सांगितलेल्या दिवशी यायचा. साऱ्या सांगलीत असा दुसरा माणूस नव्हता.

पाहुणे आले तेव्हा गजाभाऊ शिडीवरच होता. मुलाच्या आईची नजर काही भिंतीवरून हलेना.

"मुलगी पसंत आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "फक्त ह्या गजाभाऊंना उद्यापासून आमच्याकडे पाठवा. आमचं बाथरूम दिवाळीपासून उकरून पडलंय."

कुमुदताईंच्या तोंडचं पाणी पळालं. नकार द्यावा तर स्थळ जातं, होकार द्यावा तर स्वयंपाकघर अर्धवट राहतं.

मृण्मयीला मात्र विचार करावाच लागला नाही.

"स्थळं छप्पन्न येतील, आई. गजाभाऊंना हातचं जाऊ देऊ नकोस."