बुरशी कोणाच्या हातची

मॅनेजर धर्मेंद्रसाहेबांनी फागीला हात टेबलावर ठेवायला लावले आणि पेनाच्या टोकानं तिचं एकेक नख तपासलं.

त्या आठवड्यात लॅबमधल्या चारशे बाटल्या सडल्या होत्या. साखर घातलेल्या जेलीवर अँथुरियम या फुलझाडाची इवली रोपं वाढवायची आणि मोठी करून मुंबईच्या हॉटेलांना पुरवायची, हा जव्हारजवळच्या त्या कंपनीचा धंदा. बाटलीत बुरशी शिरली की रोप गेलं. ती कुठून शिरली, हे शोधायला साहेबांना फार वेळ लागला नाही. ते म्हणाले, सूर्यमाळच्या पाड्यांवर प्यायलाच पाणी नाही, तिथल्या बाया हात कशानं धुणार? तिथून कामाला येणाऱ्या फागीसह सातही जणींना महिनाअखेर घरी बसवायचं त्यांनी ठरवून टाकलं. पहिलं नाव फागीचं. ती सर्वांत जास्त रोपं कापून नव्या बाटल्यांत लावायची, म्हणजे बुरशीही तिचीच जास्त.

पुन्हा भिवंडीच्या वीटभट्टीवर जावं लागणार, हे फागीला दिसत होतं. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला. कोपरापर्यंत साबण घासून, वर स्पिरिट चोळून तिच्या हातांची सालं निघाली होती. ती लॅबच्या तपासनीस प्रतिभा मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, माझं हात तपासा. मंग सायबाचं पण तपासा."

मॅडमनी आठ रुंद काचेच्या थाळ्यांत जेली ओतली. रोजच्यासारखे हात धुऊन प्रत्येकानं पंजा टेकवायचा आणि चार दिवस थांबायचं. आठवी थाळी साहेबांची. तेही रोज आत येत, पाहुण्यांना रोपं दाखवायला बाटल्यांची झाकणं उघडत. साहेब हसत हसत तयार झाले. स्वतःच्या हातावर त्यांचा पुरा विश्वास होता.

पाचव्या दिवशी सगळे जमले. बायांच्या सातही थाळ्या जवळपास कोऱ्या निघाल्या. फागीनं पंजा कुठे टेकवला होता, तेही दिसेना. आठव्या थाळीत मात्र हिरवीकाळी लव दाट माजली होती. चार बोटांच्या ठशांवर चार आडवे पट्टे, साहेबांच्या सोन्याच्या अंगठ्या होत्या नेमक्या तिथेच.

फागीनं वाकून निरखून पाहिलं.

"सायब, तुमच्या अंगठ्यांना लय चांगला कोंब फुटलाय."

साहेब केबिनमध्ये निघून गेले. दुपारी निरोप आला, कोणालाच कामावरून काढणार नाहीत. बायांना वाटलं, आता साहेब निदान चूक तरी कबूल करतील.

संध्याकाळी लॅबच्या दारावर सही-शिक्क्याची नोटीस लागली. मॅडमनी ती सातही जणींना वाचून दाखवली: "निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान लक्षात घेऊन, यापुढे एकाही महिला कामगारानं सोन्याच्या अंगठ्या घालून आत येऊ नये."